शब्दाला जागलेला माणूस

१८९९ सालची गोष्ट. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात, तेव्हा यॉर्कशायरमध्ये मोडणाऱ्या सेडबर्ग या गावातील शाळेत १७ वर्षे लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षकापुढे बढतीचा प्रश्न उभा राहिला. बढती हाउसमास्तरपदाची, म्हणजे वसतिगृहप्रमुखपदाची होती. त्या काळच्या इंग्लिश शाळांत या पदाला मान होता आणि मिळकतही चांगली होती. मात्र या पदाबरोबर एक कर्तव्य येत असे. आपल्या वसतिगृहातील मुलांना चर्चच्या ‘कन्फर्मेशन’ या दीक्षाविधीसाठी तयार करणे, त्यांच्याकडून श्रद्धेची वचने समजून-उमजून म्हणवून घेणे, हे हाउसमास्तरचे काम होते. या शिक्षकाची धर्मावरील श्रद्धा तोपर्यंत उरलेली नव्हती. वरवर पाहता अडचण मोठी नव्हती. ठरलेले शब्द उच्चारायचे आणि पुढे जायचे, एवढेच. पण आपल्याला जे खरे वाटत नाही, ते मुलांपुढे खरे म्हणून सांगणे त्यांना मान्य नव्हते. शाळेलाही आपली प्रथा मोडता येत नव्हती. वयाच्या ४१व्या वर्षी, हाती दुसरे काहीही नसताना, त्यांनी नोकरी सोडली.

या शिक्षकांचे नाव हेन्री वॉटसन फाउलर. पुढे हेच नाव इंग्रजी भाषेच्या अचूक वापराचे जणू समानार्थी झाले. आज भारतातील बँकांच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना बसणारे तरुण इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत वाक्यातील चूक शोधतात, चार पर्यायांतून नेमका शब्द निवडतात. त्यांतील बहुतेकांनी फाउलर यांचे नाव ऐकलेले नसते. तरीही त्या प्रश्नांमागे जी दृष्टी आहे, ती घडवण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. आणि ती दृष्टी नीट समजून घ्यायची तर सेडबर्गच्या त्या राजीनाम्यापासूनच सुरुवात करावी लागते.

फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजी केंट परगण्यातील टनब्रिज येथे झाला. वडील रॉबर्ट फाउलर धर्मोपदेशक होते आणि शाळेत गणित शिकवत. आठ भावंडांत हेन्री थोरले. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा हेन्री ऑक्सफर्डला बेलियल कॉलेजात शिकत होते. धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर आली. शिक्षण रग्बी या नामवंत शाळेत आणि नंतर बेलियलसारख्या कॉलेजात झाले असले, तरी त्यांची विद्यापीठातील कामगिरी डोळे दिपवणारी नव्हती. महत्त्वाच्या दोन्ही परीक्षांत त्यांना दुसरा वर्ग मिळाला. धर्मशास्त्राची अनिवार्य परीक्षा तर ते उत्तीर्णच होऊ शकले नाहीत. त्यामुळे १८८१ मध्ये शिक्षण संपवूनही पदवी हाती पडायला १८८६ साल उजाडले. कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांच्यातील शिक्षकी पेशाचा कल ओळखून तशी शिफारस केली. एडिंबरोच्या फेटीस कॉलेजमध्ये काही काळ काम करून १८८२ मध्ये फाउलर सेडबर्गला दाखल झाले.

शिक्षक म्हणून ते मितभाषी, काटेकोर आणि काहीसे अलिप्त होते. मुले त्यांच्या तंबाखूच्या सवयीवरून मागे टोपणनावाने त्यांची टिंगल करीत. व्यायामाची त्यांना विलक्षण आवड होती. धावणे आणि थंड पाण्यात पोहणे हा त्यांचा नित्यक्रम उतारवयापर्यंत चुकला नाही. ते शिकले होते प्राचीन भाषा. इंग्रजीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परंतु लॅटिन आणि ग्रीक उताऱ्यांचे इंग्रजीत भाषांतर करून घेताना एक गोष्ट शिक्षकाच्या रोज नजरेस येते. विद्यार्थ्याला मूळ अर्थ धूसर कळला असेल, तर त्याचे इंग्रजी वाक्य भारदस्त शब्दांचा आडोसा शोधते. मोठा शब्द पुष्कळदा अज्ञान झाकण्यासाठी येतो, हे फाउलर यांनी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले असणार.

राजीनाम्यानंतर ते लंडनला चेल्सी भागात राहू लागले. वडिलांच्या मिळकतीतून वर्षाकाठी थोडी रक्कम येत असे. तिच्या जोडीला वृत्तपत्रांतून निबंध लिहायचे, असा बेत होता. निबंध छापले जात, पण नाव होत नव्हते. १९०३ मध्ये त्यांनी लंडन सोडले आणि इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेट गाठले. तेथे त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस, म्हणजे घरचा फ्रँक, टोमॅटोची शेती करीत होता. दोघांच्या वयात सुमारे १३ वर्षांचे अंतर. दोघेही प्राचीन भाषांचे जाणकार, दोघांनाही एकांत प्रिय. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरील दोन घरांत राहून या भावांनी एकत्र लेखन सुरू केले. दुसऱ्या शतकातील ग्रीक उपरोधकार लुसियन याच्या लेखनाचे त्यांनी केलेले चार खंडांतील भाषांतर १९०५ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. ढोंगी पंडितांची टर उडवणारा लुसियन या दोघांना जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होते.

पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, ‘द किंग्ज इंग्लिश’ हे पुस्तक आले. त्याची रचना लक्षणीय होती. अनेक व्याकरणपुस्तकांत चुकीची वाक्ये लेखकानेच बनवलेली असत. फाउलर बंधूंनी खरीखुरी वाक्ये गोळा केली. लंडनच्या ‘टाइम्स’सारखी प्रतिष्ठित वृत्तपत्रे, गाजलेले कादंबरीकार, मान्यवर निबंधकार, कोणालाही त्यांनी सोडले नाही. प्रत्येक वाक्याखाली त्याचा उगम दिला, चूक कोणत्या जातीची आहे ते सांगितले आणि वाक्य कसे सुधारता येईल ते दाखवले. रोगाची लक्षणे पुस्तकातून न शिकवता रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून शिकवावीत, तसा हा प्रकार होता.

पुस्तकाच्या आरंभी त्यांनी शब्दनिवडीची पाच सूत्रे दिली. दूरच्या शब्दापेक्षा ओळखीचा शब्द बरा. अमूर्त शब्दापेक्षा मूर्त शब्द बरा. लांबण लावण्यापेक्षा एक शब्द बरा. मोठ्या शब्दापेक्षा छोटा बरा. आणि लॅटिन वळणाच्या शब्दापेक्षा अस्सल इंग्रजी मुळाचा शब्द बरा. या सूत्रांतील शेवटचे सर्वांत कमी महत्त्वाचे आहे, हेही त्यांनी तेथेच बजावले. म्हणजे त्यांचा रोख परक्या शब्दांवर नव्हता. लेखकाने वाचकाचे काम विनाकारण अवघड करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या दृष्टीचा नमुना म्हणून त्यांनी नाव दिलेला एक दोष पाहावा. एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून लेखक शब्द बदलत राहतो, या सवयीला त्यांनी ‘एलिगंट व्हेरिएशन’, म्हणजे देखणा फेरफार, असे खोचक नाव दिले. बातमीत पहिल्या वाक्यात महापौर येतात, दुसऱ्यात शहराचे प्रथम नागरिक येतात, तिसऱ्यात पालिकेच्या कारभाऱ्यांचे नेते येतात. आणि सभेला नक्की किती माणसे हजर होती, असा प्रश्न वाचकाला पडतो. पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेत अर्थाचा बळी जातो. फाउलर यांच्या मते पुनरुक्ती हा लहान दोष आहे, संदिग्धता हा मोठा.

अधांतरी राहणाऱ्या कृदंताबद्दलही असेच. पुलावरून जाताना देवळाचा कळस दिसला, असे मराठीत सहज म्हणता येते. जाणारा कोण, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. इंग्रजीत मात्र हीच रचना जशीच्या तशी केली, तर कळसच पुलावरून चालला आहे असा अर्थ निघतो. आजच्या वाक्यशुद्धीच्या परीक्षांत हा प्रश्न हमखास असतो. चूक का, याचे उत्तर नियमाच्या क्रमांकात शोधायचे नसते. क्रिया कोणाची आणि ती कोणाला जाऊन चिकटली, एवढे पाहिले की पुरते.

‘किंग्ज इंग्लिश’ने फाउलर बंधूंना ओळख मिळवून दिली. दरम्यान हेन्री यांच्या आयुष्यात एक सुखद वळण आले. १० मार्च १९०८ रोजी, आपल्या ५०व्या वाढदिवशी, त्यांनी जेसी मॅरियन विल्स या परिचारिकेशी विवाह केला. हा उशिरा जुळलेला संसार अतिशय सुखाचा झाला. १९११ मध्ये दोघा भावांचा ‘कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी’ हा कोश प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे काम तेव्हा अपुरे होते. शेवटच्या अक्षरांचे खंड निघायचे होते. बृहत्कोशाचा जो भाग हाती होता त्याचे सार काढून, उरलेल्या भागासाठी स्वतः वाट काढत, विद्यापीठापासून दूर एका बेटावर बसून दोन माणसांनी हा कोश सिद्ध केला. भारतातील इंग्रजी शाळा-कॉलेजांच्या कित्येक पिढ्यांनी पुढे याच कोशाची पाने उलटली.

त्याच सुमारास दोघांच्या मनात आणखी एका ग्रंथाची कल्पना आकाराला येत होती. असे म्हणता येते का, असे लिहिलेले चालते का, अशा शंका पडणाऱ्या सामान्य लिहित्या माणसाला अकारविल्हे उत्तरे देणारा तो ग्रंथ होणार होता. काम सुरू झाले आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटले.

सैन्यभरतीच्या प्रचारात हेन्री यांनी भाग घेतला. इतरांच्या मुलांना रणांगणावर जा म्हणून सांगायचे आणि आपण घरी बसून शब्दांच्या व्युत्पत्ती तपासायच्या, हे त्यांच्या मनाला पटेना. १९१५ मध्ये वयाच्या ५७व्या वर्षी ते लंडनला गेले आणि आपले वय ४४ असल्याचे सांगून साधे शिपाई म्हणून भरती झाले. फ्रँकही भरती झाला. श्रद्धा नसताना श्रद्धेचे शब्द उच्चारायला नकार देणाऱ्या या माणसाने सरकारी कागदावर धडधडीत खोटे वय सांगितले. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर विसंगती दिसते. पण सेडबर्गला खोटे बोलून स्वतःचा फायदा होणार होता. येथे खोटे बोलून जीव धोक्यात जाणार होता. दुसऱ्याला जे सांगितले ते स्वतः करून दाखवण्यासाठी त्यांनी हा एक अपवाद केला.

फ्रान्समध्ये पोचल्यावर मात्र त्यांची निराशा झाली. वयस्कर शिपायांना खंदकांपासून दूर ठेवून भांडी घासणे, कोळसा वाहणे अशी कामे देण्यात आली. फाउलर बंधूंनी वरिष्ठांकडे लेखी अर्ज केला. आपण लढण्यासाठी आलो आहोत. आघाडीवर पाठवायचे नसेल तर मोकळे करावे, असा त्याचा आशय होता. १९१६ मध्ये हेन्री मायदेशी परतले. फ्रँकला मात्र लष्करी सेवेच्या काळात क्षयाने गाठले आणि १९१८ मध्ये तो गेला.

हेन्री त्या वेळी ६० वर्षांचे होते. ज्या ग्रंथाचा आराखडा दोघांनी मिळून आखला होता, तो आता एकट्याने लिहायचा होता. शब्दाशब्दावर वाद घालणारा, खोडून काढणारा, हसवणारा जोडीदार उरला नव्हता. त्यांनी काम थांबवले नाही. १९२४ मध्ये ‘पॉकेट ऑक्सफर्ड डिक्शनरी’ निघाली. १९२५ मध्ये ते गर्न्सी सोडून सॉमरसेटमधील हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात राहायला गेले. आणि १९२६ मध्ये ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. तो त्यांनी फ्रँकच्या स्मृतीला अर्पण केला. योजनेत भाऊ सोबत होता, लेखनात सोबत करायला तो उरला नाही, असे त्यांनी अर्पणपत्रिकेत नोंदवले.  

या ग्रंथामुळे फाउलर यांच्याभोवती एका कडक पंतोजीची प्रतिमा तयार झाली. ग्रंथ वाचला तर ती टिकत नाही. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालू नये, हा नियम त्या काळी सुशिक्षितपणाची खूण मानला जाई. फाउलर यांनी या नियमाच्या संदर्भात इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले आणि ज्यांना हा नियम ठाऊकही नाही आणि त्याची पर्वाही नाही, ते बहुसंख्य लोक सुखी आहेत असा शेरा मारला. नियम पाळण्याच्या भरात वाक्य कृत्रिम किंवा दुअर्थी होत असेल, तर नियम मोडावा, असा त्यांचा कौल होता. ‘ओन्ली’ हा शब्द वाक्यात नेमका कोठे ठेवावा, यावरून लोकांना धारेवर धरणाऱ्या शुद्धतावाद्यांचीही त्यांनी हजेरी घेतली. अर्थ स्पष्ट असेल आणि बोलण्याची सहज लय तशीच असेल, तर शब्दाची जागा बदलण्याचा हट्ट कशासाठी, असे ते विचारत.

‘दॅट’ आणि ‘व्हिच’ यांची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. मुंबईला जाणारी गाडी उशिरा आली, असे म्हटले की अनेक गाड्यांतून एक गाडी निवडली जाते. ही गाडी, जी मुंबईला जाते, उशिरा आली, असे म्हटले की गाडी आधीच ठरलेली असते आणि तिच्याविषयी जास्तीची माहिती मिळते. पहिल्या कामासाठी ‘दॅट’ आणि दुसऱ्यासाठी ‘व्हिच’ असे वाटप केले तर भाषेत स्पष्टता येईल, असे फाउलर यांनी सुचवले. बहुतेक लेखक किंवा उत्तम लेखक तसे करतातच असा दावा आपण करत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले. पुढे अमेरिकेतील संपादकांनी ही सूचना उचलली आणि तिचा पक्का नियम केला. ज्यांना या सूचनेमागचे कारण ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी ती गुण कापण्याचे साधन बनली.

फाउलर कधी चुकले नाहीत असे नाही. तुझ्या येण्याने आनंद झाला, या वाक्यात ‘तुझ्या’ हा षष्ठीचा शब्द येतो. इंग्रजीत अशा ठिकाणी षष्ठीऐवजी साधे सर्वनाम किंवा नाम वापरण्याची पद्धत होती. फाउलर यांनी तिला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असे नाव देऊन जोरदार विरोध केला. डेन्मार्कचे नामवंत भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्परसन यांनी हा विरोध खोडून काढला. इंग्रजीतील चांगल्या लेखकांनी ही रचना फार पूर्वीपासून वापरली आहे, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखवले. फाउलर यांनी १९२७ मध्ये उत्तर दिले, पण माघार घेतली नाही. भाषा कशी आहे हे पाहणे येस्परसन यांचे काम होते. ती कशी असावी हे सुचवणे फाउलर यांना आपले काम वाटे. पुढील अभ्यासकांनी या मुद्द्यावर बऱ्याच अंशी येस्परसन यांची बाजू उचलून धरली.

इतकी कीर्ती मिळूनही फाउलर यांची राहणी बदलली नाही. प्रकाशकांनी घरकामासाठी नोकर ठेवण्याचा खर्च देऊ केला, तेव्हा ६८ वर्षांच्या फाउलर यांनी आपले रोजचे धावणे, पोहणे आणि घरातील कामे यांचा पाढा वाचून, नोकर ठेवला तर आपली प्रकृती बिघडेल, अशा आशयाचे उत्तर पाठवले. १९३० मध्ये जेसी यांचे कर्करोगाने निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या आठवणीतील कवितांचे एक छोटे पुस्तक फाउलर यांनी प्रसिद्ध केले. एका नव्या मोठ्या कोशाचे काम हाती असतानाच, २६ डिसेंबर १९३३ रोजी, ७५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचा ग्रंथ मात्र जगत राहिला. दुसऱ्या महायुद्धात, नॉर्मंडीच्या मोहिमेची तयारी चालू असताना, विन्स्टन चर्चिल यांनी एका लष्करी टिपणातील चुकीच्या शब्दावर बोट ठेवून संबंधित अधिकाऱ्याला फाउलर वाचण्याचा सल्ला दिला होता. १९६५ मध्ये अर्नेस्ट गॉवर्स यांनी ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. १९९६ आणि २०१५ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. भाषा बदलली तसे त्यातील अनेक निर्णय बदलले. तरीही २००९ मध्ये ऑक्सफर्डने १९२६ची मूळ आवृत्ती पुन्हा छापली. कारण त्या पानांत माहितीबरोबरच एक माणूस भेटतो.

परीक्षांचे स्वरूपही बदलत असते. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅट परीक्षेत अनेक वर्षे वाक्यशुद्धीचा स्वतंत्र प्रश्नप्रकार होता. २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात तो वगळण्यात आला. इतर परीक्षांत तो आहे. प्रश्नपत्रिकेला एकच उत्तर बरोबर ठरवावे लागते, त्यामुळे तिला नियम लागतात. फाउलर यांनी नियम दिले, पण प्रत्येक नियमाला त्यांनी एकच प्रश्न विचारला. या शब्दामुळे वाचकाची फसगत तर होत नाही ना? सेडबर्गच्या शाळेत स्वतःपुढे आलेल्या शब्दांनाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे जे उत्तर आले त्याची किंमत म्हणून हातची नोकरी सोडली होती.